खारपाणपट्ट्यातील घरात व्हॅनिला क्रीम सोडा : एका सोडा मेकरचे परीक्षण

विजेशिवाय चालणारा, सुमारे ४२५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू मावणाऱ्या छोट्या सिलिंडरवर काम करणारा आणि एका वेळी जवळपास एक लिटर पाण्याचा सोडा करून देणारा सोडा मेकर अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील आमच्या घरी यंदाच्या उन्हाळ्यात सतत वापरात राहिला. तो घेण्यामागचा हेतू एकच होता. व्हॅनिलाचा क्रीम सोडा, ज्याला आपल्या भागात बहुतेक जण आईस्क्रीम सोडा म्हणून ओळखतात, तो घरी, आपल्या हाताने आणि आपल्याला हव्या तेवढ्याच साखरेत करता यावा. या कामात यंत्राने निराश केले नाही. परंतु ते घ्यावे की नाही, हा निर्णय यंत्राच्या गुणांइतकाच गावच्या पाण्यावर आणि रिकामे सिलिंडर भरून मिळण्याच्या सोयीवर अवलंबून आहे. या दोन्ही बाबतींत शहरातील ग्राहकांचे अभिप्राय आपल्याला फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यंत्राची रचना साधी आहे. मागच्या बाजूला सिलिंडर आट्यांवर फिरवून बसवायचे, पुढे खुणेपर्यंत पाणी भरलेली बाटली लावायची आणि वरचे बटण थोडे थोडे दाबत वायू पाण्यात सोडायचा. बाटलीतील दाब पुरेसा झाला की सुरक्षेसाठी ठेवलेली झडप आपोआप उघडते आणि जादा वायू आवाज करीत बाहेर पडतो. तो आवाज दोन-तीन वेळा ऐकू आल्यावर क्षणभर थांबून बाटली सोडवली की सोडा झालेला असतो. मे महिन्याच्या दुपारी वीज गेलेली असतानाही पाहुण्यांपुढे फसफसता पेला ठेवता येतो, ही सोय खेड्यात राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एक नियम मात्र कटाक्षाने पाळला पाहिजे. यंत्राला नुसते साधे पाणीच लावायचे. साखर, रस किंवा अर्क मिसळलेले पाणी लावल्यास फेस उसळून तोंडावाटे बाहेर येतो, वायूची नळी चिकट होते आणि ज्या झडपेवर आपली सुरक्षितता अवलंबून आहे तीच बुजण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे क्रीम सोड्याचा पाक वेगळा करून ठेवायचा आणि तो पेल्यातच सोड्याशी मिसळायचा, ही पद्धत येथे अपरिहार्य आहे, आणि ती सोयीचीही आहे.

आता पाण्याविषयी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला आहे, आणि त्यातील विहिरी व बोअरचे पाणी कसे लागते हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. असे पाणी सोड्यासाठी दोन कारणांनी निरुपयोगी ठरते. पहिले कारण उघड आहे. त्यातील क्षारांची चव व्हॅनिलासारख्या नाजूक सुगंधाला झाकून टाकते. दुसरे कारण थोडे आतले आहे. अशा पाण्यात बायकार्बोनेट क्षार भरपूर असल्यास ते पाकातील लिंबूसत्वाचा (सायट्रिक आम्लाचा) आंबटपणा मारून टाकतात, त्यामुळे पेय गोड तर लागते, पण त्याला धार राहत नाही. पाणी उकळून हा प्रश्न सुटत नाही. उकळल्याने जडपणाचा काही भाग भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, पण खारेपणा जागेवरच राहतो, उलट पाणी आटल्याने तो किंचित वाढतो.

आमच्याकडे यासाठी आरओचे, म्हणजे यंत्राने गाळून क्षार काढलेले पाणी वापरले. गावोगावी वीस लिटरचे जार घरपोच मिळतात, आणि ज्या गावांत पाण्याचे एटीएम आहे तेथे ते आणखी स्वस्त पडते. जार घेताना तो उन्हात पडून राहिलेला नाही, हे पाहून घ्यावे, कारण प्लॅस्टिकचा वास पाण्यात उतरला की तो सोड्याच्या बुडबुड्यांबरोबर थेट नाकापर्यंत पोहोचतो. नळयोजनेचे पाणी गोड असेल तर तेही चालते. मात्र त्याला ब्लीचिंग पावडरचा वास असल्यास ते रुंद तोंडाच्या भांड्यात, वर पातळ फडके टाकून रात्रभर ठेवावे, म्हणजे बराचसा वास उडून जातो. आरओच्या पाण्याची एक उणीवही नमूद केली पाहिजे. क्षार जवळजवळ निघून गेल्यामुळे त्याचा सोडा काहीसा पोकळ लागतो. पाकात चिमूटभर मीठ घातल्याने ही उणीव भरून निघते आणि व्हॅनिलाचा गोडवाही अधिक खुलतो.

पाण्याइतकेच महत्त्व गारव्याला आहे, आणि विदर्भात यंत्राचा खरा कस येथेच लागतो. वायू थंड पाण्यात अधिक विरघळतो आणि कोमट पाण्यात कमी. हवेइतक्याच दाबाखाली शून्य अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सामावतो, २५ अंशांना तो १.५ ग्रॅमच्या आसपास येतो आणि ४० अंशांना जेमतेम १ ग्रॅम उरतो. यंत्र दाब देत असल्याने प्रत्यक्षातील आकडे वाढतात, पण परस्परांमधील प्रमाण तेच राहते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना जारमधून काढलेले पाणी थेट यंत्राला लावले, तर वायूचा मोठा भाग झडपेतून वाया जातो आणि हाती येणारा सोडा पेल्यात ओतेपर्यंत शांत होतो. माठातले पाणी त्याहून बरे, तरीही ते पुरेसे गार नसते. बाटली खुणेपर्यंत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि सकाळी, पाणी बर्फाजवळ पोहोचलेले असताना, सोडा करावा. वीज भरवशाची नसेल तेव्हा तर ही सवय विशेष उपयोगी पडते, कारण घट्ट झाकण लावलेल्या बाटलीत गार सोडा संध्याकाळपर्यंत व्यवस्थित टिकतो. पेल्यात टाकायचा बर्फही आरओच्या पाण्याचाच असावा. खाऱ्या पाण्याचा बर्फ वितळता वितळता सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

सोडा असा जमला की पुढचे सगळे पाकावर येते. आमच्या आजीने पहिला पेला हातात घेऊन विचारले होते, ‘याच्यात साय तर दिसूनच नाही राह्यली, मंग क्रीम कायचं?’ प्रश्न अगदी रास्त होता. या पेयाचा जन्म एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतला. तेथे १८६५ साली न्यू जर्सीतील अलेक्झांडर हॉवेल यांनी क्रीम सोडा वॉटरसाठी पेटंट घेतले, तेव्हाच्या कृतीत साखर व खाण्याच्या सोड्याबरोबर अंड्याचा पांढरा भाग आणि गव्हाचे पीठदेखील होते, म्हणजे मऊ, दाट फेसासाठीच सारी धडपड होती. आज उरले आहे ते व्हॅनिला आणि किंचित खरपूस साखर यांचे मिश्रण, ज्यातून आईस्क्रीमची आठवण येते. साय किंवा दूध घालण्याची इच्छा झाल्यास पाकात लिंबूसत्व घालू नये, दूध अतिशय गार असावे आणि पेला लगेच संपवावा. लिंबूसत्व आणि सोड्याची स्वतःची आम्लता एकत्र आली की दूध फाटते. आमच्या आजीला दुधाचाच प्रकार आवडला. मला स्वतःला दुधाशिवायचा क्रीम सोडा अधिक स्वच्छ चवीचा वाटतो.

व्हॅनिलाच्या बाबतीत सर्वांत जास्त फरक पडतो, म्हणून तेथे हात आखडता घेऊ नये. तालुक्याच्या ठिकाणी केकचे साहित्य ठेवणाऱ्या दुकानात मिळणारी लहान बाटली बहुधा कृत्रिम इसेन्सची असते, आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. घेण्यापूर्वी ते वाचावे. कृत्रिम म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. व्हॅनिलाच्या सुगंधातील मुख्य घटक व्हॅनिलिन हा १८७४ साली जर्मनीतील टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम प्रयोगशाळेत तयार केला, आणि आज जगभरातील बहुतांश व्हॅनिला चवीचे पदार्थ त्यावरच उभे आहेत. मात्र खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला इतर शेकडो सुगंधी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, आणि सोड्यासारख्या पातळ, पारदर्शक पेयात त्यांची उणीव केकपेक्षा अधिक जाणवते. केकमध्ये लोणी, अंडी आणि भाजलेल्या पिठाचा वास सोबतीला असतो. येथे पाणी आणि साखरेव्यतिरिक्त काहीही नसते.

खरी शेंग महाग का, हे समजले की तिची किंमत खटकत नाही. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील ऑर्किडची वेल आहे. तिचे फूल एकाच दिवसापुरते उमलते आणि आपल्या देशात त्याचे परागीभवन हातानेच करावे लागते. ती हातोटी १८४१ साली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली, आणि आजही मळ्यांमध्ये एकेक फूल त्याच रीतीने हाताळले जाते. त्यानंतर हिरव्या, गंधहीन शेंगा कित्येक महिने उबवून आणि वाळवून तयार कराव्या लागतात, तेव्हा कुठे तो काळपट, तेलकट, सुवासिक माल हाती येतो. केरळ आणि कर्नाटकातील उत्पादकांच्या शेंगा टपालाने मागवता येतात. अमेरिकेत शुद्ध अर्कासाठी किमान ३५ टक्के मद्यार्कात लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम शेंगा असे प्रमाण ठरलेले आहे. परंतु ज्या घरात मद्य आणले जात नाही तेथे, आणि वर्धा व गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही, शेंग थेट पाकातच मुरवण्याचा मार्ग उत्तम आहे. अर्क काढण्याचे काम गरम पाक मद्यार्काइतके पूर्णपणे करीत नाही, तरी एका शेंगेवर पाकाची एक तुकडी निश्चित सुवासिक होते, आणि तीच शेंग धुऊन, वाळवून साखरेच्या डब्यात ठेवली की साखरही पुढच्या वेळेसाठी वासाची होते.

आमच्या घरी ठरलेले प्रमाण असे आहे. अर्धा किलो साखरेपैकी तीन मोठे चमचे साखर जाड बुडाच्या कढईत कोरडीच मंद आचेवर वितळू द्यावी आणि ती मधाच्या रंगाची झाली की आच बंद करून त्यात बेताबेताने गरम पाणी घालावे. या वेळी वाफ जोराने उसळते, त्यामुळे हात लांब ठेवावा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. मग उरलेली साखर आणि एकूण अर्धा लिटर होईल इतके पाणी घालून, सगळी साखर विरघळेपर्यंत आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटे उकळावे. पाव चमचा लिंबूसत्व, जे किराणा दुकानात लिंबूफूल म्हणूनही मिळते, आणि चिमूटभर मीठ याच वेळी घालावे. लिंबूसत्वामुळे साखरेचे पुन्हा खडे जमत नाहीत. शेंग वापरायची असल्यास ती उभी चिरून, आतील काळे दाणे सुरीने खरवडून, दाणे व साल दोन्ही गरम पाकात टाकून झाकण लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. इसेन्स वापरायचा असल्यास पाक कोमट झाल्यावरच दोन लहान चमचे घालावा, कारण उकळत्या पाकात घातलेला सुगंध स्वयंपाकघरात दरवळतो आणि पाकात उरत नाही. गुळाचा पाकही करून पाहिला. तो पेय म्हणून चांगला लागतो, पण गुळाचा स्वतःचा वास इतका ठाम असतो की व्हॅनिला त्याच्यापुढे टिकत नाही, आणि सोडा गढूळ दिसतो.

पाव लिटरच्या पेल्याला असा ३० मिलीलिटर पाक पुरतो. त्यात साधारण १८ ग्रॅम साखर येते. बाजारातील बाटलीबंद गोड पेयांत शंभर मिलीलिटरमागे बहुधा दहा-अकरा ग्रॅम साखर असते, त्या मानाने येथे सातच्या आसपास पडते, आणि घरात मधुमेहाचे कोणी असल्यास ती आणखी कमी करण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे राहते. पाक आधी पेल्यात घ्यावा, पेला तिरपा धरून सोडा कडेने ओतावा आणि लांब चमचा तळापासून एकदाच वर आणावा. जोराने ढवळल्यास निम्मा वायू तेथेच निघून जातो. पाक फ्रिजमध्ये स्वच्छ काचेच्या बाटलीत तीन-चार आठवडे चांगला राहतो. फ्रिज नसल्यास उन्हाळ्यात तो काही दिवसांतच आंबू लागतो, म्हणून साखर पाण्याच्या दुप्पट घेऊन घट्ट पाक करावा आणि पेल्यात कमी घालावा.

चवीचा निकाल स्पष्ट आहे. आठवडी बाजारात आणि यात्रेत सोड्याच्या गाडीवर मिळणाऱ्या गोटी सोड्याचा जोर घरच्या सोड्याला येत नाही. हायरम कॉड यांनी १८७२ साली पेटंट घेतलेली ती गोटीची बाटली वायूच्याच दाबाने बंद राहते आणि तिच्यातला सोडा जिभेला झोंबतो; नुसता लिंबू सोडा प्यायचा असेल तर मी आजही गाडीवरच जाईन. आईस्क्रीम सोड्याच्या बाबतीत मात्र घरचा पेला पुष्कळ पुढे आहे. बाजारातील बहुतेक बाटल्यांमध्ये पहिल्या घोटाला व्हॅनिलाचा भडक वास येतो आणि लगेच फक्त साखर उरते. शेंगेच्या पाकाचा सोडा पिताना वास हळूहळू उलगडतो, मागे खरपूस साखरेची किंचित कडसर चव राहते आणि दुसरा पेला घ्यावासा वाटतो. लग्नाच्या मांडवात शंभर माणसांसाठी हे यंत्र उपयोगाचे नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जमलेल्या घरच्या माणसांसाठी ते अगदी योग्य आहे.

यंत्र न घेता सोडा करण्याचे इतर मार्गही आहेत. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व मिसळून एक लिटर पाण्यात ७ ग्रॅम वायू तयार करायचा तर सुमारे १३ ग्रॅम सोडा आणि १० ग्रॅम लिंबूसत्व लागते, आणि मागे जवळपास त्या सोड्याच्या वजनाइतकाच सोडियम सायट्रेट हा क्षार पाण्यात राहतो. ती खारट चव व्हॅनिलाबरोबर सहन होत नाही. यीस्टने बाटलीत आंबवून वायू निर्माण करण्याची जुनी पद्धत थंड प्रदेशासाठी ठीक असेल, परंतु आपल्या उन्हाळ्यात काही तासांतच दाब इतका वाढू शकतो की बाटली फुटते, म्हणून काचेच्या बाटलीत तो प्रयोग कोणीही करू नये. आठ ग्रॅम वायूच्या छोट्या कुप्यांवर चालणारी पोलादी बाटलीही मिळते. ती खात्रीची आहे, पण प्रत्येक लिटरला एक कुपी खर्ची पडते.

या यंत्राची सर्वांत कमकुवत बाजू म्हणजे सिलिंडर. एका सिलिंडरमध्ये साठ लिटरपर्यंत सोडा होईल, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. ४२५ ग्रॅमला साठाने भागले तर लिटरमागे ७ ग्रॅम येतात, म्हणजे वायूचा कणही वाया गेला नाही तरच हा आकडा खरा ठरेल. प्रत्यक्षात प्रत्येक बाटलीमागे झडपेतून आणि बाटली सोडवताना वायू जातोच. चांगला फसफसता सोडा हवा असेल तर तीस ते चाळीस लिटर धरून चालावे. खरी अडचण त्यानंतरची आहे. ज्या विक्रेत्याकडून यंत्र घेतले, त्याने रिकाम्या सिलिंडरच्या बदल्यात भरलेले सिलिंडर घरपोच देण्याचे मान्य केले होते, परंतु आमच्या गावच्या पिनकोडवर दाबाखालील वायू पाठवण्यास कुरिअरने नकार दिला आणि विक्रेत्याने जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः येऊन बदलून नेण्यास सांगितले. वायू भरण्यापेक्षा जाण्यायेण्याचाच खर्च अधिक होतो. खरेदीपूर्वीच आपला पिनकोड सांगून याविषयी लेखी उत्तर घ्यावे आणि सुरुवातीलाच दोन सिलिंडर घ्यावेत, म्हणजे कोणी अमरावतीला किंवा अकोल्याला कामानिमित्त जाईल तेव्हा रिकामे सोबत देता येते.

वेल्डिंगच्या दुकानात किंवा आग विझवण्याची यंत्रे भरणाऱ्याकडे ते स्वस्तात भरून घेण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. तेथील वायू खाद्यपेयांसाठी शुद्ध केलेला असेलच असे नाही, आणि सिलिंडर प्रमाणापेक्षा अधिक भरले जाण्याची भीती त्याहून मोठी आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि त्या पुढे तापमान वाढेल तसा बंद सिलिंडरमधील दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडील टिनाच्या खोलीत मे महिन्यातील दुपार याच्या किती तरी पुढची असते. म्हणून यंत्र आणि जास्तीचे सिलिंडर घरातील सर्वांत गार, हवेशीर खोलीत, उभे ठेवावे. चुलीजवळ, गच्चीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये. आत किती वायू शिल्लक आहे ते कळण्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करावे, म्हणजे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच अंदाज येतो.

बाटल्यांविषयीही एवढे सांगणे आवश्यक आहे. यंत्रासोबतच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर वापराची अंतिम तारीख छापलेली असते, आणि ती गेल्यावर बाटली दिसायला कितीही चांगली असली तरी दाबाखाली वापरू नये. त्यांना गरम पाण्याने धुता येत नाही, तोंड अरुंद असल्याने हात आत जात नाही आणि आपल्याकडील पाण्याचे पांढरे डाग आतून लवकर धरतात. थोडे लिंबूसत्व घातलेले थंड पाणी रात्रभर भरून ठेवले की ते डाग निघून जातात. नवे यंत्र घेताना दुकानदाराकडून बाटलीवरील तारीख समोर वाचून घ्यावी, कारण गोदामात पडून राहिलेल्या संचातील बाटलीचे निम्मे आयुष्य घरी येण्यापूर्वीच संपलेले असू शकते.